आमच्या संघाची कासारीण

मुलींचा खो-खो सुरू असताना कासारआक्का कधी खाली बसली नाही. उदगीरच्या बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान होतं, तिथं ती दिवसभर मांडी घालून बसे. पण कॉलेजच्या मैदानावर आली की पदर खोचून रेषेच्या कडेला उभी, आणि आमची मुलगी पळाली की हीसुद्धा बाहेरून तेवढीच पळायची. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं भरलेली. चुन्याची रेघ तिनं इतक्या वेळा पुसली की शेवटी पंचांनी तिच्यापुरती दोरी बांधायला सुरुवात केली. तापली की कानडीत ओरडायची, "ओडु, ओडु," म्हणजे पळ. लातूरच्या मुलींना ते कळायचं नाही आणि त्या दचकायच्या, याचा तिला फार आनंद.

ती आमच्या संघाला चिकटली ती बांगड्यांमुळेच. काचेच्या बांगड्या घालून खेळू देत नसत, आणि आमच्या आया हात मोकळे ठेवू देत नसत. निम्मा संघ त्यापायी घरी बसायची वेळ आली. तेव्हा आक्का एकेकीच्या घरी गेली. "बाई, कासारणीनं काढल्या म्हंजे काढल्या न्हाईत," तिनं माझ्या आईला समजावलं. "पोरीचा हात मोकळा न्हाई, माझ्या दुकानात हाय. खेळ झाला की भरूनच घरी धाडते." हे शास्त्र तिनं कुठून काढलं देव जाणे, पण खुद्द कासारीणच सांगते म्हटल्यावर सगळ्या आयांना ते पटलं. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी आम्ही रांगेनं हात पुढे करायचो. एकही बांगडी न पिचवता ती काढायची, ज्या त्या मुलीच्या वेगळ्या दोऱ्यात ओवायची आणि सामना संपेपर्यंत ओच्यात सांभाळायची.

तिचं एकच दुःख होतं. आमच्या चांगल्या खेळाडू पदवीच्या आत लग्न होऊन जायच्या, आणि त्यांचा हिरवा चुडा भरायला बोलावणं यायचं ते आक्कालाच. आपल्याच हातांनी आपला संघ मोडायचा. बाकीच्या बायका गाणी म्हणत असायच्या आणि ही नवरीचा हात दाबत पुटपुटायची, "आनखी एक साल थांबली असतीस तर काय बिघडत होतं गं?" एकदा नवऱ्या मुलाच्या आईनं ते ऐकलं. त्या दिवशी आक्काला न जेवताच परतावं लागलं.

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा दुष्काळ होता. जिल्हा लातूरला मिळाला आणि आपल्याला नाही, हे सगळ्या उदगीरला सलत होतं. "जिल्हा गेला तर जाऊ द्या," आक्का गिऱ्हाइकांना सांगे, "ढाल न्हाई जाऊ द्यायची." ढाल म्हणजे नव्या जिल्ह्यातल्या कॉलेजांची पहिली खो-खोची ढाल. अंतिम सामना आमच्याच मैदानावर आणि तोही लातूरशी. आमची सगळी मदार सुजातावर होती. ती भीमनगरची, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. तिचे आईवडील तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मैदानावर शिंपायला पाणी नव्हतं, जमीन नुसती दगड झालेली. आम्ही गुडघे जपून खेळायचो, आणि ही खांबावर सरळ सूर मारायची.

सामन्याच्या चार दिवस आधी सुजाता दुकानात आली आणि तिनं हात पुढे केला. मी तिथंच होते. आक्काचा चेहरा उतरला. तिनं हिरव्या बांगड्यांचा डबा जवळ ओढला.

"कवा हाय?" तिनं विचारलं.

"सोमवारी सकाळी हजर व्हायचंय," सुजाता म्हणाली.

"हजर? कसलं घर म्हनायचं हे?"

"घर न्हाई, आक्का. रेल्वे हाय. सिकंदराबादला रेल्वेच्या संघात घेतलंय मला, नोकरीवर. तिथं बांगड्या कोन काढनार? तूच काढून ठेव."

आक्कानं डबा झाकला. मग एकदम तिला हुंदका आला. आमच्या संघातून लग्नाशिवाय कुणी निघून चाललंय, हे ती पहिल्यांदाच पाहत होती.

अडचण अशी की सामना रविवारी दुपारी, आणि गाडीही रविवारचीच. सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार, असं पत्रात लिहिलेलं. बातमी गावभर झाली. कॉलेजची पोरं भीमनगरच्या तोंडाशी जाऊन गद्दार म्हणून ओरडून आली. प्राचार्य म्हणाले, एक दिवस उशिरानं काय होतंय? सुजाता डगमगली, खेळूनच जाते म्हणाली. तेव्हा आक्का बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून कॉलेजात गेली. "सर, दरसाली पोरी लग्न करून गेल्या," ती प्राचार्यांना म्हणाली, "तवा तुमी अक्षता टाकायला आलता. ही सोताच्या पोटाला मिळवायला जायली तर गद्दार?" प्राचार्यांनी त्याच दिवशी सुजाताला सामन्यातून मोकळं केलं.

रविवारी तिनंच सुजाताला गाडीत बसवलं. खिडकीतून सुजाता रडत म्हणाली, "आपन हरलो तर मी माघारी येनार, आक्का. तिथं माझं मन लागायचं न्हाई."

आक्का स्टेशनवरून थेट मैदानावर आली. आमच्या बांगड्या ती भराभर काढू लागली. "आज हरलात तर ती पोरगी माघारी येती," ती म्हणाली. "मला ती माघारी नको हाय. कळलं का?" सुजाताच्या जागी राखीव म्हणून मला घेतलं होतं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तू निस्ती नीट बस. खो मिळाला की ऊठ."

मी तेवढंच केलं. शेवटच्या डावात बरोबरी झाली होती आणि मिनिटभर उरलं होतं. मला खो मिळाला, मी उठले. खांबाशी वळताना लातूरच्या मुलीचा पाय घसरला आणि माझा हात तिच्या पाठीला लागला. माझा पराक्रम एवढाच. शिट्टी वाजली आणि लोकांनी दोरी तोडून मैदान भरून टाकलं. ढाल उदगीरची झाली.

आक्का मात्र थांबली नाही. बांगड्यांचा ओचा तसाच धरून ती तरातरा तारऑफिसकडे निघाली आणि आम्ही नऊजणी तिच्या मागं. धुळीनं माखलेल्या, सोललेल्या गुडघ्यांच्या, मोकळ्या हातांच्या मुली भर बाजारातून चालल्या होत्या आणि दुकानदार उठून उभे राहत होते. माझी आईही वाटेत दिसली. ती हसत होती.

आक्कानं मजकूर सांगितला, मी तो फॉर्मवर लिहिला. तारबाबूनं तो वाचला आणि चष्मा वर सरकवला.

"तुझ्याबिगर जिंकलो. आता माघारी येऊ नको," तो मोठ्यानं म्हणाला. "आक्का, असं लिहितात का? पोरगी रडंल की."

"रडू द्या," आक्का म्हणाली. "पर ऱ्हाईल."