पाणी नको, सोडा दे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — पोरींना नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुमची माझी ओळख नाही, म्हणून जीभ उचलतेय.

वारंगा फाट्यावर रबियाच्या घरचा गोळी सोड्याचा धंदा, अन् शेजारी माझी शिलाई मशीन. शाळा मी पाहिली नाही. पुड्यांचे कागद वाचत शिकले. अशाच एका कागदावर होतं — कार्बन डायऑक्साइड वायू दाबानं पाण्यात कोंबला, की तो जंतूच्या अंगात शिरतो, त्याला आतून आंबट करतो, अन् जंतू मरतो. काय भारी वाटलं होतं मला!

अन् मी त्याचं केलं काय?

रबिया पाणी द्यायची. मी म्हणायची, "पाणी नको गं, सोडा दे. गॅसनं जंतू मरतात."

"आली आमची डाक्टरीण!" म्हणत ती गोळी दाबायची, फस्सकन. वर गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची — आमची कमल लई वाचती.

पण त्याच कागदावर पुढं होतं, की त्याला दाब फार मोठा लागतो, वेळही लागतो. बाटलीतल्या सोड्याचं ते काम नाही. ते मी गिळलं. अन् सोडा तरी कुठल्या पाण्याचा? तिच्याच रांजणातला. मला काय दिसत नव्हतं?

दिसत होतं. मुसलमानाच्या घरचा बाटलीतला सोडा आमच्यात चालायचा, ग्लासातलं पाणी नाही. बघायला कुणी नसलं, तरी मी तो ग्लास हाती धरला नाही. जंतू नुसते नावाला.

पुढं प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, रबियाचं सोड्याचं मशीन भंगारात गेलं. त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडं गेले. रबिया झाकलेला तांब्या अन् ग्लास घेऊन आली.

"उकळून गार केलंय कमल, खास तुझ्यासाठी. एक बी जंतू न्हाई आता."

मी म्हणाले, तहान नाही. पदर घामानं चिंब होता माझा.

तिनं पाहिलं माझ्याकडं. मग ग्लास खाली ठेवला, अन् पाऊस कधी येईल ते बोलत बसली.

ती पोराकडं नांदेडला गेली अन् तिकडंच वारली. दुपारी मशीनवर बसले की अजून वाटतं, भिंतीपलीकडून हाक मारील. कान तिकडंच असतो. आता मी कुणाच्याही घरी पाणी पिते, मागून पिते. तिच्या हातचं पाणी मात्र घोटभरही प्यायले नाही.