बंदीच्या बटणाखालचा चौकोन

भाईंदर पश्चिमेत आम्ही दोघे रहिवाशांना एकमेकांसाठी लिहिता यावे म्हणून एक छोटा सर्व्हर चालवतो: मी आणि आमच्या सोसायटीतल्या एक बँक कर्मचारी बाई. असे अनेक सर्व्हर एकमेकांना जोडलेले असतात. इथे लिहिलेले तिथेही दिसते. चालक मात्र प्रत्येकाचा वेगळा.

एका सोमवारी सकाळी एका सदस्याविरुद्ध अकरा तक्रारी आल्या. त्या गृहस्थांनी सर्व्हरवरच्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे एकच निरोप पाठवला होता: 'रविवारी मिठागरांचे जुने बांध दाखवायचे हायेत. यावा.' सगळ्या तक्रारींत कारण एकच होते, स्पॅम. मी बंदीचे पान उघडले. बटणाखाली एक चौकोन असतो: 'या सदस्याचे सर्व लेखनही काढा.' त्यावर खूण केली आणि बटण दाबले. मी वृत्तपत्रात काम करतो; तिथे रद्द केलेली बातमी संगणकात पडून राहते, तसेच इथेही असेल असे मी धरून चाललो. त्यांचे आधीचे लेखन उघडून पाहिले नाही.

दुपारी बाईंचा फोन आला.

"अहो, तुम्ही माणूस काढलात की गाव?"

"स्पॅम होतं ते."

"आवतण होतं. त्यांच्या खारी गावातली एक जण आमच्या शाखेत आहे, तिला विचारलं. त्यांच्यात घरोघर सांगावं लागतं. सगळ्यांना एकदमच सांगितलं तर लोक रुसतात, येत नाहीत."

ते गृहस्थ खारीचे होते, साठीपुढचे. त्यांच्या घराण्याची मिठागरे होती. कोणत्या मिठागराचे नाव काय, कोणता बांध कुठे संपायचा, हे ते आमच्या सर्व्हरवर तीन वर्षे लिहीत होते. त्या जागी आता इमारती आहेत आणि ही माहिती दुसरीकडे कुठे लिहिलेली नाही.

बंदी एका बटणाने उठली. लेखन आले नाही. काढलेला मजकूर लगेच पुसला जावा, अशी सोय जागा वाचवण्यासाठी आम्हीच लावली होती. काढण्याचा आदेश जोडलेल्या सर्व्हरांनाही गेला होता. एकच सर्व्हर त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद असल्याने वाचला; तो वर्षापूर्वीच जोडला गेला होता. त्याच्या चालकाने शेवटच्या वर्षाच्या नोंदी परत पाठवल्या. आधीची दोन वर्षे गेली. ती आता फक्त त्या गृहस्थांच्या आठवणीत होती.

मी सर्व्हरच्या पहिल्या पानावर जाहीर माफी लिहिली. आठवडाभर त्यांचे उत्तर नाही.

"पुन्हा सगळ्यांना एकदमच सांगितलंत," बाई म्हणाल्या. "घरी जा."

मी रिक्षाने खारीला गेलो. ते ओटीवर बसले होते. मी कोण ते सांगितले.

"सगल्या दुनियेला सांगितलंस. माझ्या घरा न्हाय आलास."

"आज आलोय. चूक माझी आहे."

त्यांनी आत चहा सांगितला.

"आता माझ्याच्यानं परत लिवनं व्हनार न्हाय. मी बोलतो, तू लीव. रविवारी वही घेऊन ये."

त्या रविवारी आम्ही इमारतींच्या मधल्या रस्त्यांवरून दोन तास चाललो. ते कुंपणाच्या भिंतींकडे बोट दाखवून नावे सांगत होते आणि मी लिहीत होतो. एका वाहनतळापाशी ते थांबले. तिथल्या बांधाचे नाव त्यांना आठवेना.

"लिवलं होतं मी," ते म्हणाले.

मी वहीत तेवढी ओळ रिकामी सोडली.