टिपणीस मास्तरांचा हललेला फोटो

"नाक अजून बसलं नाही," असं म्हणत कर्णिकांनी प्रिंट परत माझ्या टेबलावर ठेवली. ठेवा, म्हटलं. कपाळ झालं होतं, हनुवटी झाली होती, आता नाक. माझे डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती आणि खरं सांगतो, टिपणीस मास्तरांचा चेहरा मला आता नकोसा झाला होता.

नौपाड्यात माझा फोटो स्टुडिओ होता. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. टिपणीस मास्तर इथल्याच शाळेत गणित शिकवायचे. ते तापानं गेले तेव्हा अख्खा नौपाडा हळहळला. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता कोर्टात, कचेऱ्यांत, दवाखान्यांत बसत होती, पण मास्तर रस्त्यात दिसले की भलेभले सायकलवरून खाली उतरायचे. त्याच माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं, वर्षश्राद्धाच्या सुमारास शाळेच्या हॉलमध्ये मास्तरांचा मोठा फोटो लावायचा. कर्णिक त्यांचे पुढारी. कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क, त्यामुळे पाठपुरावा करण्यात पटाईत.

अडचण एकच होती. मास्तरांचा फोटोच नव्हता.

घरात एकही नाही. माई, म्हणजे त्यांची पत्नी, फोटोसाठी मागे लागायच्या आणि हे आपले "पुढच्या सुट्टीत बघू" म्हणायचे. सुट्टी लागली की कच्ची पोरं ओसरीवर गोळा करून बसायचे. राहता राहिले शाळेचे ग्रुप फोटो. ते दरवर्षी मीच काढायचो आणि त्या प्रत्येकात मास्तर हललेले होते.

हे जरा समजावून सांगतो. माझा कॅमेरा जुना, काचेच्या प्लेटचा. फोटो काढायचा म्हणजे भिंगावरचं झाकण हातानं काढायचं, मनात एक-दोन म्हणायचं आणि झाकण परत लावायचं. तेवढ्यात जो हलला, तो प्लेटवर पुसट उमटतो. म्हणून झाकण काढण्याआधी सगळ्यांना दम भरायचा, हलू नका. शाळेत हा दम माझ्याआधी मास्तरच भरायचे. मधल्या खुर्चीवर ताठ बसून, हात गुडघ्यांवर ठेवून. आणि मी झाकण काढलं रे काढलं की स्वतःच मान वळवून मागच्या रांगेकडे बघायचे, कोण हलतंय ते!

मी किती वेळा सांगितलं असेल, "मास्तर, तुम्ही माझ्याकडे बघा. पोरांकडे मी बघतो." ते हो हो म्हणायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कोटाची बटणं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट, आणि कॉलरच्या वर ओल्या फडक्यानं पुसलेला फळा.

त्यातला त्यात बरा फोटो मोठा करून मी रिटचिंगला बसलो. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक काम करायचं. सुरकुती घालवायला ते ठीक आहे. अख्खा माणूस उभा करायला नाही. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या आठवणीतले मास्तर वेगळे. पुढच्या बाकावरच्यांना नाक मोठं वाटायचं, मागच्यांना लहान. डॉक्टर झालेला एक म्हणाला की चेहरा करारी हवा. दुसरा म्हणाला, अहो, मास्तर कुठले करारी, सदा हसत असायचे. मी खोडायचो, पुन्हा काढायचो. वैताग आला होता नुसता.

एका दुपारी माई स्वतः आल्या. बाकावर बसल्या, पाणी घेतलं. मग म्हणाल्या, "डोळे मिटले की त्यांचा कोट दिसतो, टोपी दिसते. चेहरा येत नाही हो. इतक्या वर्षांच्या संसारात असं कसं होतं?"

हॉलमधला मोठा फोटो मुलांसाठी, त्या म्हणाल्या, मला घरी लावायला एक लहान द्या, रोज बघेन म्हणजे विसरायला होणार नाही. मी देतो म्हणालो. त्या गेल्यावर मात्र मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना मी माझ्या पेन्सिलीनं काढलेला माणूस देणार होतो.

शेवटी तोडगा मीच काढला. आमच्या धंद्यात ही युक्ती जुनीच. गेलेल्याचा सख्खा भाऊ तोंडावळ्यानं जवळचा असेल तर त्याला बसवायचं आणि थोडं रिटचिंग करायचं. मास्तरांचे धाकटे भाऊ खडवलीला शेती बघायचे. कर्णिक त्यांना घेऊन आले. स्टुडिओतला काळा कोट चढवला, टोपी घातली आणि आम्ही दोघं चपापलोच, समोर जणू मास्तरच! फोटो मास्तरांचा म्हणून लागणार, हे मी भाऊंना स्पष्ट सांगितलं. या फोटोला हार पडणार, हेही सांगितलं. जिवंत माणसानं असलं ऐकून उठून जायला हवं. भाऊ हसले.

"दादानं मला शाळेत टिकवायला जिवाचं रान केलं, पण मी पळून यायचो," ते म्हणाले. "आता भिंतीवर टांगा, म्हणजे पळता यायचं नाही."

ते अजिबात हलले नाहीत. भाऊंच्या कानाशी तीळ होता तो मी घालवला, मिशी थोडी पांढरी केली आणि संपवलं. कर्णिकांना नाक पसंत पडलं. डॉक्टरांना चेहरा करारी वाटला, दुसऱ्याला हसरा. कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. पडदा माईंच्या हातून बाजूला झाला तेव्हा मोठमोठी माणसं रुमाल काढून डोळे पुसत होती. माई फोटोकडे एकटक बघत राहिल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या मला हळूच म्हणाल्या, "हे तर भाऊजी आहेत."

पलीकडे उभ्या कर्णिकांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. माईंनीच त्यांना सावरलं. म्हणाल्या, राहू दे, कोणाला सांगू नका, मुलांचं समाधान झालंय. व्यासपीठावरून खाली उतरताना मला म्हणाल्या, "माझ्या लहान फोटोचं काय?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मी खरं ते सांगितलं, की सगळे ग्रुप फोटो खराब आहेत, मास्तर प्रत्येकात हललेत. त्या म्हणाल्या, दाखवा तरी. मी नाइलाजानं ग्रुप फोटो पुढे केला. पुसट चेहरा, एक कान, वळलेली मान. माईंनी तो उजेडात धरला आणि त्यांना रडू कोसळलं. मलाही आवरेना.

"हेच," त्या म्हणाल्या. "घरी तरी माझ्याकडे सरळ कधी बघितलं त्यांनी? मी वाढत असायची आणि यांची मान आपली ओसरीकडे, पोरं काय करताहेत ते बघायला. हेच आहेत ते."

तेवढाच भाग मी मोठा करून दिला. पेन्सिल लावली नाही. त्यानंतर केव्हातरी भेटल्या तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, आता डोळे मिटले की दिसतात.

हॉलमध्ये भाऊंचा फोटो राहिला तो राहिलाच. पुढे कितीतरी वर्षं दर पुण्यतिथीला भाऊ खडवलीहून यायचे आणि स्वतःच्या फोटोला हार घालून जायचे. त्यांच्या घरच्यांना ते मुळीच आवडायचं नाही. मी एवढंच शिकलो की गिऱ्हाइक फोटोला खराब म्हणेपर्यंत आपण तो खराब म्हणू नये. रिटचिंगपासून डोळे तरी वाचतात.