बोलक्या फोनमधली मुकी चौकट

माघ सरत आला की निपाणीच्या वाऱ्याला तंबाखूचा उग्र, कोरडा वास चढतो. दिवसभर वखारीत तो श्वासात भरून संध्याकाळी मी खोलीकडे परततो, तेव्हा माझ्या केसांतून, सदऱ्याच्या घडीघडीतून तोच दरवळत असतो. परभणीकडच्या माझ्या गावाला हा वास ठाऊक नाही. आठवीतून शाळा सोडून इतक्या लांब आलो, आणि पहिल्याच महिन्यात तापाने फणफणलो, तेव्हा घरमालकांच्या थोरल्या लेकीने, आक्काने, भिंत चाचपत माझ्या उशाशी पेज आणून ठेवली होती. आक्काला जन्मापासून दिसत नाही.

ती रोज बसने सदलग्याला जाते, तिथल्या शाळेत गाणे शिकवते. गेल्या रविवारी तिच्या सवलतीच्या पासाची मुदत संपत होती, आणि नवा अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर, त्याच दिवशी मावळतीच्या आत भरायचा होता. पास नाही तर रोजची ये-जा नाही, आणि ये-जा नाही तर नोकरी नाही, इतके ते साधे होते.

आक्काचा फोन बोलतो. बोटाखाली येईल ते इतक्या वेगाने उच्चारतो की मला ती नुसती किरकिर वाटते, तिला मात्र त्यातला शब्द न् शब्द कळतो. नाव, पत्ता, प्रमाणपत्र, सारे तिने एकटीने भरले. मग एका चौकटीपाशी फोन नुसता ‘चित्र’ म्हणाला आणि गप्प झाला. अर्ज करणारे यंत्र नसून माणूसच आहे, हे पटवण्यासाठी त्या चित्रातली वेडीवाकडी इंग्रजी अक्षरे ओळखून लिहायची होती. तिने मला हाक मारली.

“वाच की रं.”

“दिसतंय आक्का, पण ओळखू येईना.”

“डोळं तुझं, घाई माझी. झ्याक जोडी जमली बघ,” ती हसली.

अडलेल्या अक्षरावर बोट ठोकत वाचायची माझी शाळेपासूनची खोड. तिच्या फोनवर मात्र एकदा टेकलेले बोट म्हणजे विचारणा आणि दोनदा टेकलेले म्हणजे हुकूम. माझे घामेजले बोट शेजारच्या बटणावर दोनदा पडले, आणि सगळा अर्ज कोरा झाला.

ती पुन्हा पहिल्यापासून भरू लागली. खिडकीतले ऊन गव्हाळ होत भिंतीवर सरकत होते आणि मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा होतो. या वेळी अक्षरे एकेक करून, चाचरत सांगितली. अर्ज गेला.

मला वाटले, पेजेचे थोडे तरी फिटले. पण आक्का फोन मांडीवर पालथा ठेवून बसून राहिली.

“आज तू हाईस. तू गावाकडं गेलास म्हंजे? मी माणूस हाय हे सांगायला पण दुसरं माणूस लागतंय व्हय मला?”

तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. त्या चौकटीने आपली अक्षरे मोठ्याने वाचून दाखवावीत, एवढीच तर गोष्ट. कुणीतरी कुठेतरी बसून ती करू शकेल, करीलही. ते लवकर व्हावे असे मी मनापासून म्हणतो. आणि म्हणता म्हणता थबकतो, कारण त्यानंतर आक्का मला हाक मारणार नाही, आणि या परक्या गावात मला हाक मारणारे दुसरे कुणी नाही.