दिवाळीला उडणारं विमान

आमच्या जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये ज्यांना सगळे पायलट म्हणत, ते जन्मात कधी विमानात बसले नव्हते. फॅक्टरीच्या बसमध्येसुद्धा ते खिडकी सोडून बसायचे, वारा कानात जातो म्हणून. पण घरी शोकेसमध्ये त्यांची अकरा लढाऊ विमानं होती, सगळी वीतभर लांबीची, प्लास्टिकचे सुटे भाग जोडून केलेली. आणि त्यातलं एकही जगात कुठे उडालेलं नव्हतं. पायलट फक्त कधी न झालेली, मनातली विमानंच बनवत.

"काहून काका?" मी एकदा विचारलं.

"खऱ्या विमानाचा रंग चुकला तं धा जण बोट दाखवतात गा. जे झालंच नाही, त्याचा रंग कोण चुकवन?"

मी पोट धरून हसलो. रंग ते दुकानातून आणून औषधाच्या रिकाम्या, बिननावाच्या बाटल्यांत ओतून ठेवत. रंगवताना काकू शेजारी बसून डॉक्टरला कात्री द्यावी तशी एकेक बाटली हातात देत. मला ते प्रेम वाटायचं. होतंही म्हणा.

मग भंडाऱ्यात छंदप्रदर्शन ठरलं. पायलटांनी जाहीर केलं, "आपल्या जिल्ह्याचं सोताचं हवाई दल असतं तं त्याचं विमान कसं असतं, ते दाखवतो." वरून उभ्या धानाचा हिरवा रंग; शत्रूला धानाचं शेत, बांधीच दिसावी. नेमक्या त्याच आठवड्यात बहिणीच्या आजारपणामुळे काकू कारध्याला गेल्या.

प्रदर्शनाच्या सकाळी मी स्कूटर घेऊन हजर. टेबलावर विमान सुकत होतं. मातकट, तांबूस.

"कसा वाटते हिरवा धान?" पायलटांनी विचारलं.

मी नाटकात कामं केलेला माणूस; समीक्षकासारखा टेबलाभोवती एक फेरा मारला. शेवटी म्हणालो, "काका, हा तर कापणीला आला."

ते खुर्चीत बसले. "हवाई दलाच्या भरतीत रंगीत ठिपक्याईचं पान दाखवलं होतं," ते म्हणाले. "त्यात आकडा होता म्हणे. मले ठिपकेच दिसले, हिरवा अन् तांबडा मले एकच. घरी पाठवलं. तुह्या काकूले माहीत आहे, आता तुले."

तासाभरात सगळी फॅक्टरी प्रदर्शनात जमणार होती. "राहू देऊ का घरीच?" त्यांनी विचारलं. मी विमान खोक्यात ठेवलं आणि स्कूटर सुरू केली.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये हवाई दलातून निवृत्त झालेले एक साहेब आमच्या विमानापुढे थांबले. "सगळीकडे हिरवळ, मग हा रंग का?"

पायलट शांतपणे म्हणाले, "हे दिवाळीच्या टायमाले उडते, साहेब. पाऊसकाळात शेडमध्येच राह्यते."

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. मी खांबामागे जाऊन हसून घेतलं.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना पायलटांनी ते विमान मला दिलं. रंग तोच होता. पण एका माणसाच्या त्या विमानात आता पाठीमागे दुसरी खुर्ची बसवलेली होती, आणि तिच्यावर तांदळाएवढी एक लुगड्यातली बाई.

"लढाईत काकू कशाला?" मी म्हणालो.

"मंग रंग कोण सांगन?" म्हणाले, आणि सामानाच्या गाडीत काकूंना चढायला हात दिला.