चंद्र दिसल्यावर घेतलेली गोळी

सुमनमावशीवर अन्याय झाला तो गेल्या पौषात, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चेन्नईतल्या एका मोठ्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात. दिवस मुद्दाम सांगते. तिथं कुणी तो लक्षात ठेवलेला नाही.

ही माझ्या आईची धाकटी बहीण. काका इथल्या संरक्षण कारखान्यात. नोकरीसाठी मी सोलापूर सोडलं तेव्हा गाडी हलेपर्यंत आई खिडकीचा गज धरून सांगत होती, "मावशी आहे तिथं. परकं वाटायचं नाही तुला." मावशीलाच इथं किती परकं वाटतं, हे तिला कुठून कळणार? इतकी वर्षं राहूनही मावशीचं तमिळ भाजी, ऑटो आणि शेजारीण एवढ्यावरच थांबलेलं.

संधिवातानं तिची बोटं सुजली, वाकडी व्हायला लागली. हॉस्पिटलनं तिला नव्या औषधाच्या संशोधनात घेतलं आणि खरंच फरक पडला. ती पुन्हा पोळ्या लाटू लागली. मैलापूरहून सुटा मोगरा आणून गजरा स्वतः ओवू लागली. व्हिडिओ कॉलवर आईला बोटं उघडून-मिटून दाखवायची आणि दोघी लहान मुलींसारख्या हसायच्या.

गोळी कधी घ्यायची, हे संशोधनातल्या मुलीनं तमिळमध्ये सांगितलं होतं: 'साप्पिट्ट अप्पुरम', जेवल्यावर. मावशीला ते बरोबर समजलं. म्हणून सोमवारी संध्याकाळी उपास सोडल्यावर, आणि संकष्टीला चंद्र बघून, नैवेद्य दाखवून, जेवून मगच ती गोळी घ्यायची. त्यांना अपेक्षित होतं रोज सकाळी, नाश्त्यानंतर. तुम्ही उपास करता का, एवढं एक विचारायचं सुचलं नाही कुणाला. हे कुठल्या गावात? जिथं दर देवळासमोर उपासकरी बायकांची रांग असते तिथं!

त्या सकाळी मी सोबत होते. रक्त घेताना तिला विचारलं, कालची गोळी कधी घेतली? मावशीनं मोडक्या तमिळमध्ये अभिमानानं सांगितलं, रात्री, चंद्र दिसल्यावर. मोठे डॉक्टर तिच्याकडे न बघता विद्यार्थ्यांकडे वळले. "नॉन-कम्प्लायंट. ड्रॉप हर." पोरांनी माना डोलावल्या. मावशीनं डॉक्टरांना हात जोडले. मग मला विचारलं, काय म्हणाले गं?

मी सांगितलं. सांगितल्या वेळी गोळी घेत नाही म्हणून संशोधनातून काढलं आणि औषधही बंद.

तिनं बोटं एकदा उघडून मिटली. "उपास मोडला असता तर ठेवलं असतं का गं?"

या प्रश्नाची मला आजही किळस येते. तिची नाही, तिला तो विचारायला लावणाऱ्यांची. मी लेखी तक्रार केली. उत्तर आलं की रुग्णाला स्थानिक भाषेत समजावलं होतं. स्थानिक कुणाची? त्याच मजल्यावर तंजावरकडची, घरात मराठी बोलणारी सिस्टर होती. तिला कुणी हाकही मारली नव्हती.

मग इथल्या आपल्या मराठी मंडळात गेले. गणपतीच्या वर्गणीला घर शोधत येणारी हीच मंडळी. तिथल्या एका काकांनी समजावलं, "हे आपल्या मंडळाचं काम नाही, बेटा." आणि माझ्यापुढे मोदक ठेवला. मी खाल्ला नाही.

मावशीची बोटं पुन्हा सुजलीत. मोगरा आता शेजारीण ओवते. आई फोनवर म्हणते, घरी ये, दोघी या. पण घर म्हणजे काय, ते मला आता वेगळंच वाटतं. सोलापुरात मावशी डॉक्टरांना सरळ सांगायची, आज चतुर्थी आहे, गोळीचं काय करू? आणि डॉक्टर उत्तर द्यायचे. तेवढं इथं झालं की हेही घरच.

म्हणून इथल्या मराठी माणसांनो, तुम्हाला सांगते, जॉर्ज टाउनच्या बाजारात तमिळमध्ये घासाघीस करणाऱ्यांनो, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात दोन्ही भाषांत विनोद करणाऱ्यांनो: आठवड्यातली एक सकाळ काढा. हॉस्पिटलात या, आपल्या माणसाशेजारी उभे राहा, आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळण्याआधी त्यांना थांबवा.