दिलशादच्या पालातली पालकसभा

“बांगड्या भरून घेणारी बाई अर्ध्यातून उठत नाही,” असं राजकन्या बिरादार एकदा आपल्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या होत्या.

बिलोली तालुक्यातल्या एका गावात त्या शिक्षिका. शाळा सातवीपर्यंतच. आठवीला एस.टी.नं बिलोलीला जावं लागतं, आणि मुली तिथंच गळतात. म्हणून सातवीतल्या मुलींच्या आयांना गाठणं भाग होतं. पालकसभा शनिवारी ठेवली, कुणी फिरकलं नाही. पंधरा ऑगस्टला ठेवली, तर झेंडावंदन होताच बाया शेताकडं वळल्या. मग बिरादार मॅडमच्या लक्षात आलं, सोमवारच्या बाजारात दिलशादच्या बांगड्यांच्या पालात याच बाया निवांत बसतात. शाळा सुटली की त्या तिथं स्टूल टाकून बसू लागल्या. कोणत्या सोमवारी कुणाची आई, ते आधी मुलींकडून कळवायच्या.

“मॅडम, पालकसभा घ्या म्हटलं होतं, संक्रांत नाही,” मुख्याध्यापक रामलिंग सर चिडवायचे.

पण सभा भरायची.

“अगं दिलशाद, हळू की!” बांगड्या भरून घेताना गुरम्मा ओरडायची. “इकडं मॅडम बोलून राहिल्या, तिकडं तू हाडं मोडून राहिली.”

“हाडाला काय बी झालं न्हाई, मावशी. पोरीचे गणिताचे मार्क ऐकून दुखून राहिलं तुमाला.”

पालातल्या बाया हसायच्या. मॅडमही हसायच्या. आठवड्यातलं त्यांचं हसणं बहुतेक तेवढंच. आई गेल्यापासून लातूरच्या घराला कुलूप होतं. बिलोलीतल्या भाड्याच्या खोलीत रविवारी ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाई, तोवर त्यांचा स्वतःचा आवाजही त्यांच्या कानावर पडत नसे.

दिलशादची तूबा सातवीतच होती. वर्गात सगळ्यांत हुशार. तिच्या आईला मात्र मॅडमनी सोमवार दिलाच नाही. दिलशाद तर समोरच बसलेली असायची. तिला काय, कधीही सांगता येईल. शिवाय तिचे हात रिकामे कधी नसत.

जूनमध्ये मॅडम बिलोलीच्या हायस्कूलमध्ये आपल्या मुली बघायला गेल्या. गुरम्माची मुलगी आठवीच्या वर्गात बसली होती. तूबा नव्हती. त्या तशाच गावात आल्या आणि दिलशादच्या घरी गेल्या.

दिलशादनं खुर्ची पुसून दिली. चहा टाकला.

“तूबा कुठंय?”

“बोधनला. मामूकडं शिवणकाम शिकून राहिली.”

“अगं, पण शाळा? मुलींना एस.टी.चा पास फुकट असतो. मी सांगितलं होतं ना?”

“हाव, सांगितलं की. गुरम्मा मावशीला सांगितलं, समद्यांला सांगितलं. मी ऐकून राहिले होते.” दिलशादनं चहा गाळला. “तूबाचे अब्बा दर सोमवारी विचारायचे, मॅडम आपल्या पोरीचं काय म्हणल्या? मी म्हणायचे, आज न्हाई, पुढच्या सोमवारी आपला नंबर येईल. साल सरलं. मग तेच म्हणले, पोरीत काही असतं तर मॅडम बोलल्या असत्या.”

“तू विचारायचं होतंस.”

“मोठ्या माणसाला आपण होऊन कसं विचारावं?”

“ती पहिली होती, दिलशाद. वर्गात पहिली.”

“ती म्हणायची तसं. पोरगी सोताचं चांगलंच सांगणार, असं वाटलं आमाला.”

“मग आण तिला परत. प्रवेशाचं मी बघते.”

“तिच्या भरोशावर भावानं दुसरी मशीन घेतली, मॅडम. आता आणली तर भाऊ तुटंल माझा.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. दिलशादनं कप पुढं केला. तो तसाच तिच्या हातात राहिला.

राजकन्या बिरादार उठल्या. उंबऱ्याशी त्यांनी चपला घातल्या.

“चहा तरी घ्या, मॅडम.”

त्या बाहेर पडल्या.